वीस जुलैची चाल

डॉन एवारिस्तो बुएल्वास कमांडर झाला, तेव्हा त्याचं अभिनंदन नेमक्या कोणत्या शब्दांत करावं हे लास बाबीयास गावात कुणालाच सुचेना. आदल्या वर्षापर्यंत हा माणूस घोडेवाला होता. म्हणजे लोकांना दाखवायला घोडे, आणि दाखवायचा नसलेला माल डोंगरातून समुद्रापर्यंत पोचवायचा, असा त्याचा धंदा. मग एके दिवशी त्याने शेजारच्या खोऱ्यातलं एक खाजगी निमलष्करी पथकच विकत घेतलं, चालतं दुकान घ्यावं तसं. माणसं आली, बंदुका आल्या, झेंडा आला, आणि डोंगरातल्या बंडखोरांशी लढल्याचा जुना नावलौकिकही त्याच सौद्यात आला.

कारण साधं होतं. माल नेणाऱ्याला सरकार पकडायचं आणि विमानात बसवून अमेरिकेच्या तुरुंगात धाडायचं. पण बंडखोरांशी लढलेल्या कमांडरसमोर तेच सरकार टेबलावर येऊन बसायचं आणि म्हणायचं, शस्त्रं खाली ठेवा, थोडा काळ एखाद्या शेतावर कैदेत काढा, मग तुम्ही मोकळे. असले दिवस असताना कुठला शहाणा माणूस नुसता घोडेवाला राहील?

कमांडरला टोपणनाव लागतं. डॉन एवारिस्तोने आपल्या लाडक्या घोड्याचंच नाव घेतलं, रेस्प्लांदोर. चिंचेखाली डॉमिनो खेळणाऱ्या मंडळींनी मग आपापसांत, ओठ न हलवता, चौकशी केली की बढती नक्की दोघांपैकी कुणाला मिळाली.

आता शस्त्रं खाली ठेवायचा दिवस ठरला होता. राजधानीहून साहेब येणार, टीव्हीवाले येणार. आणि इथेच डॉन एवारिस्तोची पंचाईत झाली. पथकातली खरी माणसं त्याला सोडायची नव्हती, कारण ती वर डोंगरात स्वयंपाकघर राखत होती. स्वयंपाकघर म्हणजे जिथे पानं शिजवून पांढरी पूड काढतात ते. तेव्हा त्याने असं ठरवलं की खरी माणसं वर राहतील आणि शस्त्रं ठेवायचं काम गाव करील. गावातले मोटारसायकलवाले, न्हावी, कोंबड्यांच्या झुंजी लावणारे, बर्फाचे गोळे विकणारा मिंगो, सगळ्यांना नवे गणवेश शिवले गेले. सरकार पुढे काही महिने भत्ता देणार म्हणून काहीजण खुशीने आले. बाकीचे आले, कारण बोलावणं घेऊन आलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल होतं.

गणवेश छान बसले. पण ही फौज चालायला लागली, की बाजारातून पळालेली डुकरं वाटायची.

म्हणून एका सकाळी डॉन एवारिस्तो घोड्यावरून दोमितीला आरिएताबाईंच्या दारात आला. दोमितीलाबाई गावच्या शाळेतल्या शिक्षिका. तिकडे शिक्षिकेला ‘सेन्यो’ म्हणतात, आणि बाईंना तर शाळा सोडून आजोबा झालेलेही सेन्योच म्हणत. शाळेचा बँड त्याच बसवत. स्वातंत्र्यदिनाला, वीस जुलैला, तो बँड चर्चसमोरून निघाला की आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटायची.

“सेन्यो, घरात आहात का?”

“घरात नसून कुठे जाणार? शाळेचे पत्रे तुमच्या माणसांनी डोंगरात नेले तेव्हापासून वर्गसुद्धा घरातच भरतो.”

“नवे घालून देतो, सेन्यो. अगदी देवाशप्पथ.” डॉन एवारिस्तो झुलत्या खुर्चीत बसला आणि त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. अंगाने आडवा, बोटांत अंगठ्या, पण बाईंसमोर त्याचा आवाज आपोआप शाळकरी व्हायचा. “एक काम होतं. माझ्या पोरांना चालायला शिकवायचंय.”

“वय काय पोरांचं?”

“थट्टा करू नका. काल ‘डावीकडे वळ’ म्हटलं तर मिंगोने उजवीकडे वळून न्हाव्याला मिठी मारली. हे टीव्हीवर जाणार आहे! मला ते वीस जुलैसारखं पाहिजे. ढोल वाजतो, पोरं एका लयीत जातात, लोक उभे राहून टाळ्या पिटतात, अस्सं.”

दोमितीलाबाईंनी त्याला काळी कॉफी दिली. स्वतः उभ्याच राहिल्या.

“शिकवते. पण माझा पोरगा एदेर त्या रांगेत पाहिजे.”

डॉन एवारिस्तोने कॉफी फुंकली. मग पुन्हा फुंकली.

“एदेर माझा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे हो. त्याला खाली आणलं तर स्वयंपाकघर कुणावर सोडू? मिंगोवर?”

“आणि मग बंदूक खाली कोण ठेवणार?”

“मिंगो. कागदावर तो सुरुंग पेरण्यात तरबेज आहे.”

“बर्फ किसताना बोट कापून घेतो तो.”

“कागदाला बोटं दिसत नाहीत, सेन्यो. एदेरचं पुढच्या खेपेला बघू.”

“पुढची खेप कधी असते?”

डॉन एवारिस्तोने टोपी घातली आणि तो उठला. दोमितीलाबाईंना माहीत होतं: पुढची खेप नव्हतीच. या दिवशी जो टेबलावर बंदूक ठेवील, बोटाचा ठसा देईल आणि कागद घेईल, तो घरी जाईल. जो वर राहील, त्याला दुसऱ्या दिवसापासून सरकार नुसता चोर म्हणणार, सैन्य शोधणार, आणि सैन्याच्या आधी कदाचित त्याचा धनीच त्याला संपवणार, कारण स्वयंपाकघर कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो फार काळ बोलका राहिलेला धन्याला परवडत नाही. आधीच्या धन्याने असंच केलं होतं. नदीकाठच्या लोकांनी नदीकडे बघणं तेव्हापासूनच सोडलं होतं.

एदेर काही लढायला म्हणून गेला नव्हता. ताडाच्या मळ्यावर राखणदार पाहिजे, असं सांगून एक माणूस गावातल्या चार पोरांना ट्रकमध्ये घालून घेऊन गेला. मळा कुठला, ताड कुठला! महिनाभराने निरोप आला की पोरांना गणवेश छान दिसतो. एदेर शाळेच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, आणि घरी आला की वाढायचा डाव हातात नाचवत, बँडच्या पुढे चालणाऱ्या मुलींची नक्कल करायचा. गुडघा कमरेपर्यंत, कंबरेला हेलकावा, मान तिरकी, दात बाहेर. दोमितीलाबाई हसून हसून भिंतीला टेकायच्या आणि मग शिक्षिकेची सवय म्हणून ओरडायच्या, “डावा गुडघा खाली राहतोय, वर घे!” तो डावा गुडघा शेवटपर्यंत कधी पुरता वर आला नाही.

डॉन एवारिस्तोचा घोडा कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या. भीती त्यांना रोजचीच होती. या वेळी आली ती चीड. माझं पोर वर, आणि त्याच्या जागी सुटणार मिंगो! पण चीड ही काही करायची गोष्ट नव्हती, आणि बाईंना तर काहीतरी करायचं होतं. ही फौज आपण नीट शिकवली, तर त्या माणसाला एदेरची गरज कधीच पडणार नाही. आणि नीट शिकवली नाही, तर? तर ऐन वेळी, हसं होण्याच्या भीतीने, त्याला खरी माणसं खाली आणावी लागतील. बाईंनी हा विचार एकदा उलटा करून पाहिला, एकदा सुलटा. दोन्हीकडून त्यात त्यांचा स्वतःचा गळा अडकत होता. त्या आत गेल्या आणि त्यांनी शिट्टी शोधली.

सराव बेसबॉलच्या मैदानात सुरू झाला. पहिल्या दिवशी बाईंनी फौजेला एका ओळीत उभं केलं आणि स्वतः चालून दाखवलं. गुडघा कमरेपर्यंत. तिथे एक ठोका थांबायचं. कंबर किंचित डावीकडे, मान प्रेक्षकांकडे, हसरा चेहरा, मग पाऊल खाली, टाच आधी टेकवायची नाही.

आता लास बाबीयासमध्ये सैनिक कसे चालतात हे ठाऊक नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. सैन्य या रस्त्याने गेलं होतं, बंडखोर गेले होते, डॉन एवारिस्तोच्या आधीचे आणि त्यांच्याही आधीचे गेले होते. लोकांनी ते दाराच्या फटीतून पाहिलं होतं. आणि बाई शिकवत होत्या ती चाल ओळखत नाही असंही गावात कुणी नव्हतं. ती बँडच्या पुढे पांढरे बूट घालून, काठी फिरवत जाणाऱ्या सातवीतल्या मुलींची चाल होती.

“सेन्यो,” मिंगो म्हणाला, “हे तर मुलींचं...”

“मिंगो, तोंड बंद, गुडघा वर.”

“नाही, पण माझी मेव्हणी...”

न्हाव्याने त्याला मागून असा चिमटा काढला की मिंगोचा गुडघा आपोआप वर गेला. मिंगोने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मिंगोकडे पाहिलं. एदेरचा ढोल शाळेत जो उचलून न्यायचा तो हाच मिंगो होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

“समजलं, सेन्यो,” तो म्हणाला. “आणि कंबर?”

“डावीकडे.”

“डावीकडे,” मिंगो म्हणाला, आणि त्याने कंबर अशी काही डावीकडे नेली की तिसऱ्या ओळीतला मोटारसायकलवाला गुदमरला.

आठवड्याच्या अखेरीस डॉन एवारिस्तो पाहणी करायला आला. तो घोड्यावरून उतरला, कुंपणाला टेकला आणि बघत राहिला. फौज त्याच्यासमोरून गेली, गुडघे कमरेपर्यंत, बंदुका काठीसारख्या खांद्यावर, सगळे दात बाहेर. न्हावी तर असा काही ठुमकत गेला की कुठल्याही स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं असतं.

डॉन एवारिस्तोने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते.

“सेन्यो,” तो म्हणाला, “हेच. हेच ते.”

मग त्याने जे सांगितलं ते बाईंना ऐकायचं नव्हतं. लहानपणी त्याला बँडमध्ये घेतलं नव्हतं, कारण वीस जुलैला पांढरे बूट लागत आणि त्याच्याकडे कुठल्याच रंगाचे नव्हते. त्या वेळच्या मुख्याध्यापकाने त्याला रांगेतून बाहेर काढून चर्चच्या पायरीवर बसवलं. तिथून त्याने सगळं पाहिलं. सगळ्यात पुढे जे चालत होते ते त्याच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं सैन्य होतं. मुलगे होते की मुली, हे त्याला आठवत नव्हतं. पुढे घोडे आले, माल आला, पथक आलं, पण एकाही छावणीत त्याने रात्र काढली नव्हती आणि खरं सैन्य त्याने पाहिलं ते फक्त त्याच्यापासून पळताना. माणूस पाठमोरा पळत असताना मागच्यांची चाल बघत नाही.

“मलाही शिकवा,” तो म्हणाला. “मी सगळ्यात पुढे चालणार.”

बाईंनी शिकवलं. त्याला ती चाल फार चटकन आली, हेच वाईट. पुढचे दिवस तो आपल्या व्हरांड्यात आरशासमोर सराव करतो, असं त्याच्याकडे कपडे धुणाऱ्या बाईने येऊन सांगितलं. दोमितीलाबाईंना त्याची दया आली. मग त्यांना एदेर आठवला आणि त्यांनी दया आवरती घेतली, पण पुरती गेली नाही ती.

यात नवल एकच होतं. सगळं गाव रोज संध्याकाळी सराव बघायला जमायचं, कॉफीवाला यायचा, तळलेली केळी विकणारी यायची, पाद्रीसुद्धा येऊन गेला. आणि एकाही माणसाने डॉन एवारिस्तोला सांगितलं नाही की ही चाल मुलींची आहे. कुणी कुणाला सांगू नको म्हटलं नव्हतं. लास बाबीयासमध्ये गेली कित्येक वर्षं जगायची रीतच अशी होती, की आपण काही पाहिलं नाही, आपल्याला काही माहीत नाही, विचारलं तर आपण तेव्हा आजारी होतो. लोक हा धडा मन लावून शिकले होते. आता ते त्याची परीक्षा देत होते.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी सार्जंट पेस्ताना स्वयंपाकघरासाठी पेट्रोलचे डबे न्यायला खाली उतरला. पेस्ताना एके काळी खऱ्या सैन्यात होता, आणि वरची खरी माणसं तोच सांभाळायचा. डबे ट्रकमध्ये चढवता चढवता त्याचं लक्ष मैदानाकडे गेलं. तिथे रंगीत तालीम चालली होती. डॉन एवारिस्तो सगळ्यात पुढे, हातात तलवार, गुडघा कमरेपर्यंत.

पेस्तानाने डबा खाली ठेवला. मग तो डब्यावर बसला. मग तो डब्यावरून घसरून मातीत बसला आणि पोट धरून असा हसायला लागला की झाडावरचे पोपट उडाले.

मैदान जागच्या जागी थांबलं. न्हाव्याचा गुडघा तर वरच राहिला.

“काय झालं, सार्जंट?” डॉन एवारिस्तोने विचारलं.

“काही नाही, कमांडर. माझी पुतणी चालते अशी. तिला चषक मिळालाय.” त्याला उचकी लागली. “ती आणखी काठी फेकून झेलते.”

डॉन एवारिस्तोने तलवारीकडे पाहिलं. फौजेकडे पाहिलं. फौज जमिनीकडे बघत होती. कुंपणाबाहेरचं सगळं गाव एकाएकी आकाश न्याहाळायला लागलं. मग तो वळून दोमितीलाबाईंसमोर येऊन उभा राहिला, आणि या वेळी त्याचा आवाज शाळकरी नव्हता.

“हे खरं आहे?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुम्ही वीस जुलैसारखं पाहिजे म्हणालात. वीस जुलैला पुढे मुलीच असतात.” बाईंनी बोटं शिट्टीच्या दोरीत गुंतवली.

“आणि या सगळ्यांना माहीत होतं? या गाढवांना? त्या केळीवालीला?”

“सगळ्यांना.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

बाईंनी खोटं बोलून पाहण्याचा विचार केला. पण इतकी वर्षं मुलांना उत्तरं द्यायची सवय होती, आणि प्रश्न तर सरळ होता.

“इथे कुणी कुणाला काही सांगत नाही, डॉन एवारिस्तो. ती सवय तुम्हीच लावलीत.”

डॉन एवारिस्तोचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. मिंगोने डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, झालं, आता एदेरला कुणीतरी येऊन सांगेल, आणि तो वर कुठेतरी पानांच्या ढिगाजवळ उभा राहून ऐकेल. त्या क्षणी त्यांना फक्त याचंच फार वाईट वाटलं.

“कमांडर,” पेस्ताना मातीतून उठत म्हणाला, “बाईला मारून काय चाल सुधारणार आहे? टीव्हीवाले चर्चच्या पलीकडे खाटा टाकून बसलेत. आवाज जाईल.” त्याने पँट झटकली. “वरच्या पोरांना आणू खाली. ती पुढे चालतील, ही जत्रा मागे. साहेबांची नजर पहिल्या दोन ओळींच्या मागे जात नसते.”

“आणि स्वयंपाकघर?”

“एक दिवस कुलूप लावू. कोण येणार आहे तिथे? सगळे तर इथे परेड बघायला.”

डॉन एवारिस्तोने हात कमरेवरून काढला आणि टोपी डोक्यावर घातली.

“आणा,” तो म्हणाला. आणि मैदानाबाहेर जाता जाता, मागे न बघता, “सेन्यो, पत्र्यांचं विसरा.”

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं, अर्ध्या गावाची धुणी मातीने माखली, आणि राजधानीचे साहेब रुमालाने तोंड पुसत मंडपात येऊन बसले. डॉन एवारिस्तो त्यांच्याशेजारी उभा होता. पुढे चालायचा बेत त्याने सोडून दिला होता. पण पायांत नवे पांढरे बूट होते, ते त्याने बदलले नव्हते. ते फक्त दोमितीलाबाईंच्या लक्षात आलं.

मग वरची माणसं आली. खरी. त्यांच्या टाचा एकदम पडत होत्या आणि चेहरे दगडाचे होते. गावाने ती चाल ओळखली आणि आपसूक एक पाऊल मागे सरकलं. बाई मात्र पुढे सरकल्या. पहिल्या ओळीत डावीकडून तिसरा. गाल बसलेले, हनुवटीवर एक जुना व्रण, नजर सरळ समोर, कुणाकडेच न बघणारी. हा एदेर होता हे त्यांना कानांवरून कळलं. बाकी त्यात ओळखीचं काही नव्हतं. याला खाली आणायला आपण एवढा खटाटोप केला, आणि हा आलाच नसेल तर? शरीर आलं, आणि तो वरच राहिला असेल तर? हा विचार आधी कसा सुचला नाही याचंच बाईंना आश्चर्य वाटलं, आणि त्यांना रडू कोसळेल असं झालं.

ठरलं असं होतं की पुढच्या ओळी टेबलासमोरून नुसत्या सलाम करून जातील आणि पलीकडे उभ्या ट्रकमध्ये चढतील. बंदुका मागच्यांनी ठेवायच्या. पण पहिल्या ओळीच्या टोकाला पेस्ताना होता. तो टेबलापाशी पोचला, थांबला, आणि त्याने आपली बंदूक टेबलावर ठेवली. अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तशी. मग अंगठा शाईत बुडवला.

कॅमेरे पुढे झाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकाने ठेवल्यावर बाकीच्यांना काय सांगायचं राहिलं? त्याच्या मागच्याने ठेवली. त्याच्या मागच्याने ठेवली. डॉन एवारिस्तो हसत होता, कारण कॅमेरा त्याच्यावर होता, पण त्याचं हसू हळूहळू चुकीच्या जागी जायला लागलं.

पेस्ताना कागद घेऊन मंडपात गेला आणि त्याने खिशातून एक किल्ली काढून डॉन एवारिस्तोच्या हातात दिली.

“कमांडर, ही स्वयंपाकघराची.”

“कुठलं स्वयंपाकघर?” साहेबांनी कौतुकाने विचारलं.

“पोरांचं जेवण व्हायचं तिथे,” डॉन एवारिस्तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“वा! म्हणजे स्वतः लक्ष घालायचात,” साहेब म्हणाले.

पेस्तानाला आदल्या दुपारी किती कळलं होतं, आणि तो खरंच एवढा हसला होता की हसण्याचं सोंग केलं होतं, हे कुणीही कधी विचारलं नाही. लास बाबीयासमध्ये तसं विचारत नाहीत.

एदेरची पाळी आली. त्याने बंदूक ठेवली. अंगठा उमटवला. कागद घेतला, घडी केली, खिशात घातला. समोर ट्रक उभा होता आणि उजवीकडे गाव. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून त्याने एकदा ते पाठीशी नेले, एकदा पुढे आणले. मग त्याची नजर गर्दीवरून फिरली आणि शिट्टीच्या दोरीत बोटं गुंतवून उभ्या असलेल्या बाईंवर येऊन थांबली.

आदल्या रात्री पेस्तानाने वर जाऊन परेडची सगळी हकिकत सांगितली असणार. कारण एदेर उजवीकडे वळला आणि त्याने गुडघा उचलला. कमरेपर्यंत. तिथे एक ठोका थांबला. कंबर डावीकडे, मान तिरकी, सगळे दात बाहेर, हातात अदृश्य डाव. मग दुसरा गुडघा. साऱ्या देशाच्या कॅमेऱ्यांसमोर तो सातवीतल्या मुलीसारखा ठुमकत गावाकडे आला.

आधी मिंगो फुटला. मग न्हावी, मग केळीवाली, मग सगळं मैदान, ज्यांनी इतके दिवस हसू गिळलं होतं ते सगळे. साहेबांना वाटलं, ही इथली काही प्रथा असावी, म्हणून तेही हसले. मंडपात डॉन एवारिस्तोने किल्ली मुठीत धरली होती. त्याच्या पांढऱ्या बुटाचं टोक, त्याच्या नकळत, ठेका धरत होतं.

एदेर आईसमोर येऊन उभा राहिला. जवळून त्याला दम लागलेला दिसत होता आणि हनुवटी हलत होती. दोमितीलाबाईंना त्याला मिठी मारायची होती, तोंडावरून हात फिरवायचा होता, तो व्रण कसला हे विचारायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं ते हे.

“डावा गुडघा अजून खाली राहतोय.”

“माहितेय, आई,” एदेर म्हणाला. “उद्या सराव करू.”

बाईंनी तो ‘उद्या’ ऐकला, आणि मग मात्र बोटं शिट्टीच्या दोरीतून सोडवून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.